विश्लेषण : सायकलपटू आठ, मग घड्याळ कुणासाठी थांबणार? सांघिक टाइम ट्रायलच्या नियमातील बदल का महत्त्वाचा?

टूर द फ्रान्स ही सायकलिंगमधील सर्वांत प्रतिष्ठेची शर्यत ४ जुलै २०२६ रोजी बार्सिलोनातून सुरू होत आहे. पहिलाच टप्पा आहे सांघिक टाइम ट्रायलचा. टूरची सुरुवात या प्रकाराने होण्याची १९७१नंतरची ही पहिलीच वेळ. मात्र, या वेळी संघातील प्रत्येक सायकलपटूची वेळ स्वतंत्रपणे मोजली जाणार आहे. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या बदलामुळे शर्यतीचे गणित कसे बदलते, याविषयी...

सांघिक टाइम ट्रायल म्हणजे काय?

नेहमीच्या रोड रेसमध्ये सगळे सायकलपटू एकाच वेळी निघतात. सांघिक टाइम ट्रायलमध्ये मात्र एकेक संघ ठरावीक अंतराने सोडला जातो. रस्त्यावर प्रतिस्पर्धी शेजारी नसतो, स्पर्धा असते ती घड्याळाशी. संघातील सायकलपटू एकामागोमाग एक अशी रांग करून धावतात. सर्वांत पुढचा काही सेकंद जोर लावतो, मग बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जातो आणि त्याच्या मागचा पुढे येतो. हे चक्र अखेरपर्यंत सुरू राहते.

रांगेत धावण्याचा फायदा काय?

सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलपटूची बहुतांश ताकद हवा कापण्यात खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग ताशी ४० किमीवरून ५० किमीवर न्यायचा, तर वेग वाढतो २५ टक्के. पण हवेसाठी लागणारी शक्ती जवळपास दुप्पट होते. पुढच्याच्या आडोशाला राहणाऱ्याचे हे कष्ट बरेच कमी होतात. त्यामुळे एकट्याला न झेपणारा वेग संघाला टिकवता येतो. त्यासाठी पुढच्याच्या मागच्या चाकापासून अगदी थोडे अंतर ठेवावे लागते. एकाचा तोल गेला, तर मागचे सगळे पडू शकतात.

मग वेळ कुणाची धरायची?

या क्रीडाप्रकाराचा सगळा स्वभाव या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतो. पहिल्याची वेळ धरली, तर बाकीच्यांनी त्याच्यासाठी दमून जावे, एवढेच उरते. शेवटच्याची धरली, तर एक पंक्चर सगळा संघ बुडवते. म्हणून मधला मार्ग निघाला. ऑलिंपिकमध्ये चौघांच्या संघात तिसरा सायकलपटू रेषा ओलांडेल ती संघाची वेळ मानली जाई. टूरमध्ये याआधी २०१९ मध्ये ब्रसेल्सला सांघिक टाइम ट्रायल झाली, तेव्हा आठ जणांच्या संघात चौथ्याची वेळ ग्राह्य होती. थोडक्यात, सर्वांत वेगवान सायकलपटूलाही मागच्यांना सांभाळूनच पुढे जावे लागे.

या नियमाची काळी बाजू कोणती?

ऑलिंपिकमध्ये पुरुषांची १०० किलोमीटरची सांघिक टाइम ट्रायल प्रथम १९६० मध्ये रोमला झाली. २६ ऑगस्टच्या त्या दिवशी तापमान ४० अंशांच्या आसपास होते. डेन्मार्कच्या चौघांपैकी एक उष्म्यामुळे लवकर बाहेर पडला. उरले तिघे, आणि वेळ तिसऱ्याचीच धरली जाणार होती. आता कुणालाही थांबणे परवडणारे नव्हते. २३ वर्षांच्या क्नूड एनेमार्क येन्सनला भोवळ येऊ लागली, तेव्हा दोन्ही सहकाऱ्यांनी त्याला दोन बाजूंनी आधार दिला, अंगावर पाणी मारले. आधार सुटताच तो कोसळला, डोक्याला मार लागला आणि त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला.

मृत्यूचे अधिकृत कारण उष्माघात नोंदवले गेले. मात्र उत्तेजकांच्या वापराची चर्चा त्यानंतर थांबली नाही. १९६८च्या ऑलिंपिकपासून सुरू झालेल्या उत्तेजक चाचण्यांमागे या घटनेचाही मोठा वाटा मानला जातो. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात नेदरलँड्सच्या एका सायकलपटूची चाचणी सकारात्मक आली आणि संपूर्ण संघाला कांस्यपदक गमवावे लागले. वेळ तिघांची असो की चौघांची, चूक मात्र सगळ्यांची ठरली.

ऑलिंपिकमधून हा प्रकार का गेला?

पुरुषांची सांघिक टाइम ट्रायल ऑलिंपिकमध्ये अखेरची झाली १९९२ मध्ये, तीही बार्सिलोनातच. सुवर्ण जर्मनीने जिंकले. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकपासून व्यावसायिक सायकलपटूंना प्रवेश मिळाला आणि सांघिक प्रकाराऐवजी वैयक्तिक टाइम ट्रायल आली. जागतिक स्पर्धेतही राष्ट्रीय संघांची ही शर्यत १९९४ नंतर बंद झाली. स्वीडनच्या चार पेटरसन भावांनी तिथे १९६७, १९६८ आणि १९६९ अशी सलग तीन विजेतेपदे मिळवली होती. २०१२ ते २०१८ या काळात व्यावसायिक संघांसाठी ती पुन्हा घेतली गेली. २०१९पासून तिची जागा मिश्र रिलेने घेतली. त्यात आधी तीन पुरुष आणि नंतर तीन महिला धावतात. दोन्ही गटांत दुसऱ्या क्रमांकाच्या सायकलपटूची वेळ निर्णायक असते.

नव्या नियमाने काय बदलेल?

पॅरिस-नीस शर्यतीत २०२३ मध्ये वापरलेली पद्धत आता टूरमध्ये येत आहे. ज्या संघाचा पहिला सायकलपटू सर्वांत कमी वेळात पोहोचेल, त्या संघाला टप्पा मिळेल; पण एकूण क्रमवारीसाठी प्रत्येकाची स्वतःची वेळ धरली जाईल. बार्सिलोनात शेवट माँजुइक टेकडीवर, ऑलिंपिक स्टेडियमजवळ आहे. त्यामुळे सहकाऱ्यांनी सपाटीवर पूर्ण ताकद खर्चून प्रमुखाला चढापर्यंत आणायचे आणि तिथून त्याने एकट्याने सुटायचे, हा डाव उघड दिसतो. मागे राहिलेल्यांसाठी थांबण्याचे त्याला कारण उरत नाही.

याचा फायदाही आहे. कमकुवत संघातील चांगल्या सायकलपटूचे नुकसान त्यामुळे मर्यादित राहू शकते. शिवाय, थकलेल्याला ओढत नेण्याचे दडपण कमी होते. रोमची आठवण ठेवली, तर ही बाब लहान नाही. तोटा असा, की जो सांघिकपणा या प्रकाराची ओळख होता, तोच शेवटच्या काही किलोमीटरमध्ये विरघळतो.

भारताचे काय?

ऑलिंपिक सायकलिंगमध्ये भारताचा सहभाग १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर दिसलेला नाही. जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या पुणे ग्रँड टूरने आंतरराष्ट्रीय दर्जाची बहुटप्पी शर्यत पुणेकरांच्या दारात आणली. तिची सुरुवातही घड्याळाविरुद्धच्या छोट्या शर्यतीने झाली, पण ती वैयक्तिक होती. सांघिक टाइम ट्रायलला महागड्या सायकली लागतात, तसाच एकत्र सरावाचा बराच काळ आणि वाहनांपासून मोकळा रस्ताही लागतो. यातील शेवटची गोष्ट आपल्याकडे सर्वांत दुर्मीळ आहे.