उचल देता, तर रक्तही तपासा!

ऊसतोडीला निघालेल्या मायबहिणींनो, आणि त्यांच्या घरधन्यांनो,

दसरा तोंडावर आला की मुकादम दारात येतो. उचल मोजतो, टोळी ठरवतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. दिवसाला किती ऊस पडेल याचा त्याचा हिशेब पक्का असतो. बाईच्या अंगात रक्त किती, हे मात्र कुणी विचारत नाही.

मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते, धाप लागते, छाती धडधडते. कुणाला माती खावीशी वाटते. घरचे म्हणतात, "बाईमाणूस, असायचंच." असायचंच कसं? हिमोग्लोबिन 12 च्या खाली, गरोदरपणी 11 च्या खाली, म्हणजे आजार. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. निम्मे बैल असे थकले असते, तर गुरांचा डॉक्टर फडात धावत आला असता!

वर सल्ला काय, तर बीट खा, डाळिंब खा. कोपीत डाळिंब कोण आणून देणार? आणि बीट लाल दिसतं ते त्याच्या रंगामुळे, लोहामुळे नव्हे. बाजरी, मटकी, हळीव खा, वर लिंबू पिळा. पहाटेची भाकरी चहात बुडवून खाऊ नका. चहा लोह अडवतो, त्यात तासाभराचं अंतर ठेवा. पण रक्त एकदा उतरलं की नुसत्या खाण्यानं भरून येत नाही. लोहाची गोळीच लागते, आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. शी काळी होईल, घाबरू नका. मळमळलं तर जेवणानंतर घ्या. कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका. बरं वाटलं म्हणून सोडू नका. अंगातला साठा भरायला पुढे आणखी काही महिने लागतात.

पाळीत फार रक्त जात असेल, तर त्याचं कारण शोधायला हवं. इथे घडतं भलतंच. खाडा झाला की पैसे कापतात, म्हणून गर्भाची पिशवीच काढून टाकतात. 2019 मध्ये या शस्त्रक्रियांची चौकशी करणाऱ्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या अशा हजारो बायकांचा आकडा आला. पिशवी गेली तरी आधी रिकामं झालेलं लोहाचं कोठार आपोआप भरत नाही, हे किती जणींना सांगितलं होतं?

आशाताई गावात, तिची वही गावात, बाई मात्र दोन जिल्हे पलीकडच्या फडात. म्हणून मागणं साधं आहे. टोळी निघण्याआधी गावातच प्रत्येकीचं रक्त तपासा. गरोदर बाईला शासनाच्याच नियमानं 180 दिवसांच्या गोळ्या मिळायच्या असतात. हंगामही जवळपास तेवढाच. त्या निघतानाच हातात द्या, तपासणीच्या कार्डासकट. दवाखान्यात गेलेल्या दिवसाचा खाडा धरू नका.

मुकादम उचल मोजायला बसला, की आधी हा कागद त्याच्यापुढे ठेवा.