वज्राचे काय झाले?
‘सेन्गोकु बासारा’ आणि ‘डेव्हिल किंग्ज’ यांच्या निमित्ताने एक आक्षेप

१

संहितेला मूळ असे काही नसते, असतात त्या केवळ तिच्या आवृत्त्या, आणि प्रत्येक आवृत्ती आपापल्या वाचकवर्गात सारखीच स्वयंपूर्ण असते, हे विधान आपल्या समीक्षाव्यवहारात आता इतके रूढ झाले आहे की ते सिद्ध करण्याची गरजही कोणाला वाटत नाही. रूपांतरविषयक प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात ते येते आणि पुढील सर्व प्रकरणांत मूल्यनिर्णयाची जबाबदारी टाळण्याची मुभा देऊन जाते. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या विधानाच्या पूर्वार्धावर नाही, उत्तरार्धावर आहे. शुद्ध मूळ नसते हे पूर्णपणे मान्य करूनही सर्व आवृत्त्या समान ठरत नाहीत. हे दाखविण्यासाठी येथे मुद्दाम असे उदाहरण घेतले आहे, ज्यातील ‘मूळ’ संहितेलाच पावित्र्याचा कोणताही दावा करता येणार नाही.

हे उदाहरण व्हिडिओ गेमचे आहे. जपानमधील कॅपकॉम या कंपनीने २००५ साली ‘सेन्गोकु बासारा’ हा खेळ प्रसिद्ध केला. सेन्गोकु म्हणजे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचा जपानमधील यादवी युद्धांचा काळ. खेळणाऱ्याने या काळातील एखाद्या सरदाराची वा सामुराईची भूमिका घ्यावयाची आणि एकट्याने शेकडो सैनिकांची फळी कापीत जावयाचे, असे त्याचे स्वरूप. त्याच वर्षी हा खेळ अमेरिकेत ‘डेव्हिल किंग्ज’ या नावाने गेला. तेथे त्यातील जपान नाहीसा झाला होता. कथानक कोणत्याही देशाचे वा काळाचे नसलेल्या एका अद्भुत जगात हलविण्यात आले होते, लढाईच्या नियमांत फेरफार झाले होते आणि मुख्य म्हणजे पात्रांची नावे बदलली होती. ओदा नोबुनागा हा ‘डेव्हिल किंग’ झाला, दाते मासामुने ‘अझ्युअर ड्रॅगन’, सानादा युकिमुरा ‘स्कॉर्पिओ’, ताकेदा शिन्गेन ‘रेड मिनोटॉर’, तर उएसुगी केन्शिन ‘फ्रॉस्ट’.

या दोन संहितांना ‘दोन भिन्न पण समान आवृत्त्या’ म्हणावयाचे काय, हा येथील प्रश्न आहे. माझे उत्तर नकारार्थी आहे. त्याचे कारण मात्र ‘ऐतिहासिक सत्याशी इमान’ या नेहमीच्या कोटीतले नाही.

२

इतिहासाशी इमान राखण्याची मूळ जपानी खेळालाही फिकीर नाही. त्यातील मासामुने आपल्या जपानी बोलण्यात मधूनच इंग्रजी शब्द पेरतो. मालिकेत त्याच्या घोड्याला मोटारसायकलीची हँडले आणि धुराच्या नळ्या बसविलेल्या दिसतात. होन्दा तादाकात्सू हा इतिहासातील पराक्रमी सेनानी येथे जवळजवळ यंत्रमानव आहे. ज्यांना विपर्यास मोजावयाचा असेल त्यांनी तो आधी जपानी आवृत्तीतच मोजावा. ‘डेव्हिल किंग्जने इतिहास भ्रष्ट केला’ ही तक्रार त्यामुळे निराधार ठरते. जो इतिहास आधीच हसत हसत मोडलेला होता, तो आणखी कोण मोडणार?

परंतु या मोडतोडीला जपानी परंपरेत एक नाव आहे, आणि तेच खेळाच्या शीर्षकात आहे. ‘बासारा’ हा शब्द संस्कृत ‘वज्र’ या शब्दापासून आला, असे सामान्यतः मानले जाते. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानात पोहोचलेल्या या शब्दाने चौदाव्या शतकात एक निराळाच अर्थ धारण केला. अधिकाराची उतरंड न जुमानणारा भडक, उधळा, डौली वागण्याचा थाट म्हणजे बासारा. सासाकी दोयो हा त्या काळचा सरदार अशा थाटाचा प्रतिनिधी म्हणून ओळखला जातो. १३३६ मध्ये नव्या लष्करी राजवटीने जाहीर केलेल्या ‘केन्मु शिकिमोकु’ या नियमावलीत या उधळपट्टीला आळा घालणारे कलम आहे. राजसत्तेने ज्याचा निषेध करावा असे ते वर्तन होते.

याचा अर्थ असा, की हँडलवाला घोडा हा केवळ अज्ञानजन्य कालविपर्यास नाही. तो बासारा आहे. खेळ स्वतःच्या अतिरेकाचे नाव स्वतःच सांगतो आणि त्या अतिरेकाला एका जुन्या, दंडनीय ठरलेल्या परंपरेत नेऊन बसवितो. वाचनाची किल्ली शीर्षकातच ठेवलेली आहे. ‘डेव्हिल किंग्ज’ या शीर्षकाने पहिला घाव घातला तो या किल्लीवर. अतिरेक तसाच राहिला, पण तो कशाचा अतिरेक आहे हे सांगणारा शब्द गेला.

३

विडंबनाला विशेषनाम लागते. सामान्यनामाचे विडंबन होत नाही. फार तर चेष्टा होते. ज्याची थट्टा चालली आहे तो कोण, हे वाचकाला ठाऊक असेल किंवा निदान शोधता येईल, तरच मूळ व्यक्ती आणि तिचे विकृत चित्र यांच्यातील अंतर अर्थपूर्ण होते. नाव हे त्या अंतराचे एक टोक आहे. ते कापले की दुसरे टोक लोंबत राहते. पुढील तीन उदाहरणे या दृष्टीने पाहावीत. तिन्ही उदाहरणे अशी आहेत की त्यांत आपलाही काही संबंध गुंतलेला आहे.

पहिले उदाहरण नोबुनागाचे. ‘डेव्हिल किंग’ हे नाव हवेतून आलेले नाही, हे बचावकर्ते सांगतील आणि ते खरेही आहे. लुईश फ्रोइश या पोर्तुगीज जेझुइटाने १५७३ च्या पत्रात एक हकीकत दिली आहे. ताकेदा शिन्गेनने बौद्धांच्या तेन्दाई पंथाचा प्रमुख अशी बिरुदे लावून नोबुनागाला पत्र लिहिले, तेव्हा नोबुनागाने उत्तराखाली ‘सहाव्या स्वर्गाचा माओ’ अशी सही केली. दोनच वर्षांपूर्वी, १५७१ मध्ये, त्याने हिएई पर्वतावरील तेन्दाई पंथाचे पीठ जाळले होते. त्यामुळे ही सही म्हणजे धर्मरक्षक म्हणविणाऱ्याला दिलेले जळजळीत उत्तर होते. ‘माओ’ या शब्दातील ‘मा’ म्हणजे बुद्धाच्या समोर उभा ठाकलेला मार. चिनी भाषेने केलेला त्या संस्कृत शब्दाचा संक्षेप. अजिंठ्याच्या २६व्या लेण्यात ज्याच्या पराभवाचे शिल्प आहे, तोच हा मार. कामधातूतील सर्वोच्च, म्हणजे सहाव्या देवलोकाचा तो स्वामी. त्या लोकाचे नाव परनिर्मितवशवर्ती, म्हणजे इतरांनी निर्माण केलेल्या भोगांवर सत्ता चालविणारा. हा ईश्वराविरुद्ध बंड करून पतन पावलेला सैतान नव्हे. तो स्वतःच देव आहे, आणि त्याचे वैर ईश्वराशी नसून मुक्तीशी आहे. ‘डेव्हिल’ या एका शब्दाने ही सगळी तत्त्वमीमांसा ख्रिस्ती कथेत ढकलली, आणि शेजारचे ‘नोबुनागा’ हे नाव काढून घेऊन परतीची वाटही बंद केली. ‘डेव्हिल किंग नोबुनागा’ एवढे जरी ठेवले असते तरी जिज्ञासू खेळाडू मारापर्यंत पोहोचू शकला असता.

दुसरे उदाहरण केन्शिनचे. इतिहासातील हा सरदार बिशामोन्तेन या युद्धदेवतेचा निस्सीम भक्त होता. आपल्या ध्वजावर त्याने त्या देवतेच्या नावाचे आद्याक्षर मिरविले. बिशामोन्तेन म्हणजे वैश्रवण, आपल्याकडे कुबेर म्हणून ओळखला जाणारा उत्तर दिशेचा लोकपाल. ‘फ्रॉस्ट’ या नावात यातले काहीही नाही. आहे ते फक्त हिम. व्यक्तीच्या जागी तिच्या हल्ल्याचा गुणधर्म आला. शिन्गेनची गतही अशीच झाली. ज्याला ‘काई प्रांताचा वाघ’ म्हणत, त्याचा ग्रीक पुराणातला बैल झाला.

तिसरे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे आहे. जपानी खेळात झाबी नावाचा एक अवाढव्य, डोक्याच्या मध्यभागी मुंडन केलेला, परदेशी धर्मोपदेशक आहे. तोफांच्या साहाय्याने तो ‘प्रेमा’चा प्रसार करतो आणि लोकांना आपल्या पंथात ओढतो. हे फ्रान्सिस झेवियरचे उघड विडंबन आहे. झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आला. आन्जिरो या जपानी माणसाचा बाप्तिस्मा १५४८ मध्ये गोव्यातच झाला, आणि त्याला बरोबर घेऊन झेवियर १५४९ मध्ये कागोशिमाला उतरला. त्याचे पार्थिव आजही जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बासिलिकेत आहे. प्रेम आणि तोफ एकाच हातात दाखविणारे हे चित्र उथळ असेल, विनोद बटबटीत असेल. पण ज्यांच्याकडे धर्मोपदेशक आला त्यांनी चार शतकांनंतर त्याच्यावर केलेला तो विनोद आहे. गोव्याचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला त्यातला दंश समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजी आवृत्तीत या पात्राचे नाव ‘क्यू-बॉल’ असे आहे, म्हणजे बिलियर्डचा पांढरा चेंडू, टकल्या माणसाचे टोपणनाव. युरोपीय धर्मप्रसाराची थट्टा गेली आणि एका लठ्ठ टकल्याची थट्टा उरली. या बदलाला ‘सांस्कृतिक अनुकूलन’ म्हणणे हा निव्वळ शब्दच्छल आहे. येथे थट्टेचा विषयच बदलला, आणि तो ज्या वाचकवर्गाला बोचला असता नेमक्या त्याच वाचकवर्गासाठी बदलला.

४

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला बाजारपेठेचा. परदेशी खेळाडूला ही नावे पेलली नसती, असे म्हटले जाते. पण कोएई कंपनीचा याच काळावरील, याच घाटाचा खेळ आदल्याच वर्षी, २००४ मध्ये, ‘सामुराई वॉरियर्स’ म्हणून इंग्रजीत गेला होता आणि त्यात नोबुनागा हा नोबुनागाच होता. खुद्द कॅपकॉमच्या २००१ सालच्या ‘ओनिमुशा’मध्ये राक्षसांनी पुन्हा जिवंत केलेला नोबुनागा आपले नाव घेऊनच वावरतो. तेव्हा नावे पेलत नाहीत हा अनुभव नव्हता. तो एक निर्णय होता, आणि निर्णयाची समीक्षा करता येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्याच परंपरेतून येतो. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी १८९० मध्ये ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. दोघांनीही नावे बदलली. मग त्यांनाही दोषी ठरवावयाचे काय? मुळीच नाही. झुंझारराव हे नाव कानी पडताच प्रेक्षकापुढे एक विशिष्ट समाज उभा राहतो. त्यात मानापमान आहेत, सोयरिकी आहेत, संशयाला फुटणारी मराठी बोली आहे. एका जगातून उचललेले पात्र दुसऱ्या जगात वसविलेले आहे, आणि त्या दुसऱ्या जगाला पत्ता आहे. शिवाय मागे शेक्सपिअर आहे हे कोणी लपविले नाही. ‘स्कॉर्पिओ’ मात्र कोठे वसला आहे? अमेरिकेत नाही, जपानात तर नाहीच. सानादा घराण्याचे सहा नाण्यांचे चिन्ह हे मृत्यूनंतर सान्झु नदी ओलांडण्यासाठी द्यावयाच्या नावाड्याच्या मोबदल्याचे प्रतीक आहे. मरणाची तयारी करूनच रणात उतरलो आहोत, असे ते सांगते. जपानी खेळातल्या युकिमुराच्या गळ्यात ती सहा नाणी आहेत. ‘स्कॉर्पिओ’ म्हणून ओळख दिलेल्या योद्ध्याला ना ती नदी आहे, ना ते घराणे. देवलांनी देशीकरण केले. येथे झाले ते निर्देशीकरण, म्हणजे एका देशातून काढून कोणत्याच देशात न ठेवणे. या दोन क्रियांना ‘रूपांतर’ हे एकच नाव देणारी संज्ञाव्यवस्था अपुरी आहे.

५

निकष स्पष्ट करावयास हवा. आवृत्तीने मूळ जसेच्या तसे राखले का, हा तो निकष नव्हे. आपण काय मोडतो आहोत हे कळण्याची वाट तिने वाचकासाठी उघडी ठेवली का, हा आहे. त्याचबरोबर भाषेच्या स्वभावामुळे होणारी हानी आणि निर्णयाने केलेली हानी यांत भेद केला पाहिजे. मासामुनेचे इंग्रजी हे पहिल्या प्रकारचे उदाहरण आहे. १६१३ मध्ये युरोपकडे वकिलात पाठविणाऱ्या सरदाराच्या तोंडी इंग्रजी घालण्यात गंमत आहे. पण सगळीच पात्रे इंग्रजी बोलू लागली की ती विरून जाणार, आणि त्याचा दोष कोणाला देता येत नाही. २०१० मध्ये मालिकेचा तिसरा भाग ‘सेन्गोकु बासारा : सामुराई हीरोज’ म्हणून इंग्रजीत आला. सगळी नावे परत आली, शीर्षकातला ‘बासारा’ही आला, तरी मासामुनेचा विनोद पूर्णपणे परतला नाही. तथापि त्या आवृत्तीत वाट उघडी होती. त्यानंतर २०१४ चा चौथा भाग इंग्रजीत अधिकृतपणे निघालाच नाही. म्हणजे इंग्रजी वाचकाच्या वाट्याला आधी बिननावाचा जपान, मग थोडा काळ नावासह जपान, आणि पुढे काहीच नाही, असा क्रम आला.

आपण इंग्रजीतून जपान वाचतो. म्हणून हा प्रश्न केवळ अमेरिकेतील खेळाडूचा नाही. वज्र, मार आणि वैश्रवण हे शब्द येथून निघाले, चीनमार्गे जपानात गेले, तेथे त्यांना नवे अर्थ फुटले, आणि परतताना वाटेतल्या एका कार्यालयात ते पुसले गेले. ‘डेव्हिल किंग’ आपल्या पडद्यावर आला तर आपण त्याला ओळखणार नाही. ही हानी ज्याला दिसत नाही त्याची ‘सर्व आवृत्त्या समान’ ही उदारता फुकटची आहे. तिच्यासाठी त्याला काहीच सोडावे लागलेले नाही. परनिर्मितवशवर्ती हे विशेषण या प्रकरणात कोणाला शोभते, नोबुनागाला की त्याचे नाव काढून घेणाऱ्यांना, हे वाचकांनीच ठरवावे. रूपांतराचा अभ्यास करणाऱ्याने निदान दोन प्रश्न टाळू नयेत. नाव कोणी बदलले, आणि बदललेल्या नावाला राहावयास घर दिले का? याची उत्तरे शोधल्याविना आवृत्त्यांची समानता जाहीर करणे म्हणजे समीक्षेचे काम वितरकाच्या हाती सोपविणे होय.