आईनं कात्री लपवून ठेवलीय!

मुलामुलींनो, या आठवड्याच्या टपालात एक पाकीट जरा जाडच होतं. पाठवणारीचं गाव पाटस, तालुका दौंड, जिल्हा पुणे. आत चार पानी पत्र आणि त्याला टाचणीनं टाचलेला हिरव्या खणाचा बोटभर तुकडा. पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीनं 'माझं नाव छापू नका, घरी आधीच रामायण झालंय' असं बजावलंय, म्हणून नाव देत नाही. रामायण मात्र सांगते.

ही मैत्रीण नववीत आहे. तिची आई घरी ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-पिको करून देते. हिला व्हायचंय फॅशन डिझायनर. दिवाळीच्या आधी शेजारच्या गावातल्या एक काकू खण टाकून गेल्या. आई बाजाराला गेली तेव्हा हिनं तो खण घेतला आणि मोबाईलवर पाहिलेली एक पाठ त्यावर बेतली. खणाच्या रेघा पाठीवर दोन्ही बाजूंनी तिरक्या उतरून मधोमध टोकाला मिळतील, अशी. चित्र छान होतं म्हणे. प्रत्यक्षात पाठ लोंबायला लागली, एक बाजू दुसरीपेक्षा अर्धा इंच लांब झाली, आणि बाह्यांना कापडच उरलं नाही. आईनं नवा खण विकत आणून काकूंना ब्लाऊज शिवून दिला. कात्री आता कपाटाच्या वरच्या फळीवर, डब्यात, कुलपात!

बाबा काय म्हणाले? 'शिवणच शिकायचं तर आई आहे की घरात. त्याच्यासाठी पुण्या-मुंबईला पैसे कशाला घालायचे?'

आणि शेवटी हिनं मला विचारलंय, 'ताई, खरं सांगा. मला हे जमणार नाही का?'

खरं सांगायचं तर त्या तुकड्याकडे मी बराच वेळ बघत बसले. तिचं काय चुकलं ते त्यातच दिसत होतं. खिशातला रुमाल काढा बरं सगळ्यांनी. (स्वच्छ असलेला!) आता समोरासमोरच्या दोन कडा धरून तो सरळ ओढा. फारसा ताणत नाही. आडवा ओढा. तरी नाही. आता दोन विरुद्ध कोपरे धरून तिरका ओढा. बघा कसा रबरासारखा लांबला! कापडात ताणा उभा असतो, बाणा आडवा. उभं-आडवं ओढलं की धागाच ओढला जातो, आणि धागा सहजासहजी लांबत नाही. तिरकं ओढलं की धागे एकमेकांवर कलतात, चौकोनाचा पतंग होतो. तिरक्या कापाचं कापड म्हणूनच अंगाबरोबर वळतं आणि लोंबतंही. गळ्याला लावायची क्रॉस पट्टी तिरकी कापतात ती याचसाठी, वळणावर ती निमूट बसते. तिरकं बेतलं की कापडही जास्त लागतं, कोपरे वाया जातात. आपल्या मैत्रिणीनं सरळ बेतायच्या मापात तिरकी पाठ बेतली. मग बाह्यांना काय राहणार?

पण गंमत ऐका. हीच तिरकी कापणी एका बाईनं आयुष्यभर केली आणि ती जगात नावाजली गेली. मादलेन व्हिओने तिचं नाव. जन्म फ्रान्समध्ये, १८७६ सालचा. घरची परिस्थिती बेताची. अकरा-बारा वर्षांची असतानाच ती शिवणकाम शिकायला एका शिवणारणीकडे राहिली. १९१२ साली तिनं पॅरिसमध्ये स्वतःचं दुकान काढलं, आणि पुढं १९२०-३० च्या काळात तिरक्या कापाचे तिचे झगे बघायला लोक गर्दी करू लागले. ती कागदावर चित्र काढून थांबत नसे. तिच्याकडे एक लहान लाकडी बाहुली होती. कापड त्या बाहुलीवर टाकायचं, टाचण्या लावायच्या, कुठं लोंबतं, कुठं चिकटतं ते बघायचं. बाहुलीवर जमलं की मग माणसाच्या मापाला हात घालायचा.

आता पाटसच्या मैत्रिणीची खरी चूक कळली ना? तिरकं बेतणं ही चूक नव्हे. काकूंच्या खणावर बेतणं ही चूक! कोणाचंही कापड हे त्याचे पैसे असतात, आणि कधी कधी पैशांहून जास्त. माहेरहून आलेला खण बाजारात पुन्हा मिळत नाही.

मग शिकायचं कशावर? पहिल्यांदा जुन्या वर्तमानपत्रावर. त्यानंतर मांजरपाटावर. मोठमोठ्या डिझायनरांच्या कारखान्यातसुद्धा महागाच्या रेशमाला एकदम कात्री लावत नाहीत. आधी साध्या कोऱ्या सुती कापडात सगळा कपडा कच्चा शिवतात, अंगावर चढवतात, खुणा करतात, उसवतात, पुन्हा शिवतात. आईच्या जुन्या सुती साडीचा पदर घेतलात तर फुकटात काम होईल. आणि बाहुली घ्या. बाहुलीच्या ब्लाऊजला वीतभर कापड पुरतं, आणि बाहुली तक्रार करायला घरी येत नाही.

आता बाबांचा प्रश्न. तो मला अजिबात वेडगळ वाटत नाही. उलट भल्याभल्यांना त्याचं उत्तर देता येत नाही. शिंपी समोरच्या माणसाचं माप घेतो आणि त्या एका अंगाचा कपडा शिवतो. डिझायनरनं काढलेला कपडा मात्र त्याला कधीही न भेटलेला कारागीर शिवणार असतो, आणि त्याला कधीही न भेटलेली माणसं तो घालणार असतात. म्हणून प्रत्येक शिवण, प्रत्येक बटणाची जागा, पाच-सहा मापांत तो कपडा लहानमोठा कसा होईल, किती कापड जाईल, किती खर्च येईल, हे सगळं कागदावर मांडावं लागतं. पण बाबा, अर्धं तुमचं बरोबर आहे. ज्याला शिवण येत नाही त्याचा कागद कारागीर बाजूला ठेवून देतो. तुमच्या मुलीचं पहिलं कॉलेज तिच्या घरातलं पायानं चालवायचं मशीनच आहे. फक्त ते शेवटचं नव्हे.

याच्या शेजारी आणखी एक काम आहे, ते म्हणजे टेक्स्टाइल डिझायनरचं. हा माणूस कपडा बेतत नाही, कापडच घडवतो. कुठला धागा, कसली वीण, कसला रंग, कसली छपाई. पाटसवरून पुणे-सोलापूर रस्ता जातो. त्या रस्त्यानं सरळ गेलं की चादरींचं सोलापूर. ती चादर आज रात्री अंगावर घ्याल तेव्हा नीट बघा. नक्षी वरून छापलेली नाही, विणलेलीच आहे. अशी नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात. ज्या चौकटी भरल्या, तिथं धागा वर. ज्या कोऱ्या, तिथं खाली. मग त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात आणि माग त्या भोकांप्रमाणे धागे उचलतो. ही युक्ती फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या जाकार नावाच्या माणसाची, १८०४ च्या सुमाराची. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच अक्षरांची भाषा. पुढं गणकयंत्रं बनवणाऱ्यांनी तीच उचलली.

आणि सोलापूरपर्यंत तरी कशाला जायचं? दौंडच्या रानात मेंढरं बसवायला आलेल्या धनगराच्या खांद्यावरची घोंगडी बघा. मेंढीच्या मूळच्या काळ्या-पांढऱ्या रंगांतून तिचे पट्टे येतात. सनगर ती मागावर विणतात, आणि सुताला चिंचोक्याची खळ देतात म्हणून ती नवी असताना कडक असते. आषाढीला तुकाराम महाराजांची पालखी पाटसवरून रोटी घाटाकडे जाते तेव्हा रस्त्याच्या कडेला वही घेऊन उभं राहा. टोप्या, धोतरं, इरकली लुगडी, खणाच्या चोळ्या, पताकांचे रंग. पैसे देऊनही असं प्रदर्शन कुठं बघायला मिळणार नाही.

घरी करून बघायला एक खेळ देते. एक चौकोनी कागद घ्या. मधोमध एखादं फूल, मेंढरू, ऊस, काहीही काढा. कडेला शिवू नका. आता कागद उभा बरोबर मध्ये कापा, डावा तुकडा उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवून चिकटवा. मग आडवा मध्ये कापा, वरचा खाली आणि खालचा वर, चिकटवा. मध्ये कोरी जागा दिसेल. तिथं हवं ते काढा, पुन्हा कडा सोडून. या चौकोनाच्या आठ-दहा प्रती काढून शेजारी शेजारी मांडा. कुठं सुरू झालं, कुठं संपलं, कळणार नाही! चादरीची नाही, पण छापील कापडाची नक्षी अशीच बांधतात.

कोणी म्हणेल, ताई, गोष्टी सगळ्या फ्रान्सच्या. गावाकडच्या मुलीचं काय? मग कोल्हापूरची भानुमती राजोपाध्ये ऐका. जन्म २८ एप्रिल १९२९. सात भावंडांतली तिसरी. वडील अण्णासाहेब चित्रकार आणि छायाचित्रकार. ती लहान असतानाच ते गेले. चित्रकला शिकायला भानुमती मुंबईला सर ज. जी. कला महाविद्यालयात आली आणि १९५१ साली तिथलं उषा देशमुख सुवर्णपदक तिनं मिळवलं. पुढं १९५३ च्या प्रोग्रेसिव्ह गटाच्या प्रदर्शनात तिची चित्रं होती. पण नुसत्या चित्रांवर पोट कसं भरणार? ती 'ईव्हज वीकली'सारख्या साप्ताहिकांसाठी कपड्यांची रेखाटनं काढू लागली. संपादिकेनं कपड्यांचं दुकान काढलं तेव्हा विचारलं, नुसतं काढतेस कशाला, कपडेच बेतशील का? झालं! कागदावरचा कपडा अंगावर आला. १९५६ च्या 'सीआयडी' पासून ती सिनेमात वेशभूषाकार म्हणून नावारूपाला आली. लग्नानंतर तिचं नाव भानू अथैया.

'आम्रपाली' (१९६६) करायचा होता, तेव्हा त्या अजिंठ्याला जाऊन तिथली भित्तिचित्रं बघून आल्या. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या नर्तकीचे कपडे कुठल्या दुकानात मिळणार? आणि 'गांधी' (१९८२) मध्ये तर कपडेच गोष्ट सांगतात. १८९३ साली आफ्रिकेच्या आगगाडीत बसलेला सुटाबुटातला तरुण बॅरिस्टर आणि शेवटचा पंचा नेसलेला म्हातारा, दोघं एकच माणूस. मधल्या पन्नास वर्षांत एकेक कपडा कसा गळत गेला ते बघणाऱ्याला न सांगता कळलं पाहिजे. या कामासाठी ११ एप्रिल १९८३ ला त्यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पुढं 'लेकिन' आणि 'लगान' साठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. १५ ऑक्टोबर २०२० ला त्या गेल्या. त्याआधी, २०१२ साली, त्यांनी ते ऑस्कर नीट जपलं जावं म्हणून अकादमीकडेच परत ठेवायला दिलं. मला त्यांचा हा हिशोबीपणा फार आवडतो.

आता कामाचं. मैत्रिणी, तुझ्या शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचे फॉर्म भरतात ना? भर. दहावीनंतर दोन सोपे दरवाजे आहेत. एक आयटीआय, तिथं शिवणकामाचा आणि फॅशन डिझाईनचा वर्षाचा अभ्यासक्रम असतो. दुसरा तंत्रनिकेतनातला तीन वर्षांचा वस्त्रनिर्मितीचा डिप्लोमा, तो काही शासकीय तंत्रनिकेतनांत आहे. बारावीनंतर कुठल्याही शाखेतून निफ्टची प्रवेश परीक्षा देता येते. ही संस्था १९८६ साली दिल्लीत निघाली, आणि नवी मुंबईत खारघरला तिचं केंद्र आहे. अहमदाबादची एनआयडी त्याहून जुनी, १९६१ ची. दोन्हीकडे चित्र तर बघतातच, शिवाय तुम्ही विचार कसा करता, हातानं वस्तू कशी बनवता तेही बघतात. सायन्सची आवड असेल आणि धागा-यंत्रात जीव रमत असेल तर इचलकरंजीला डीकेटीई आहे, तिथं वस्त्र अभियांत्रिकी शिकवतात.

पण बाबांपासून लपवू नकोस. मोठ्या संस्थांच्या चार वर्षांच्या फीचा आकडा लाखांत जातो. शिष्यवृत्त्या असतात, कर्जं असतात, तरी आकडा आकडाच. एका चकचकीत जाहिरातीला भुलून माझ्या मावसबहिणीनं वर्षभराची फी भरली होती. प्रमाणपत्र मिळालं, पण त्याला कुठं कोणी विचारेना. तेव्हा खासगी संस्थेत जायचं तर आधी दोन प्रश्न विचारायचे. हा अभ्यासक्रम कुणाशी संलग्न आहे? गेल्या वर्षीच्या मुली आज कुठं काम करतायत? उत्तर देताना समोरचा अडखळला की उठायचं.

आणि सुट्टीत बारामतीला जा. रस्ता पाटसहूनच फुटतो. तिथल्या टेक्स्टाइल पार्कमध्ये शेकडो बायका कपडे शिवतात. आत जायला मिळालं नाही तरी आईच्या ओळखीची कोणी तिथं कामाला जात असेल तर तिला गाठ. एक शर्ट किती हातांतून जातो, कॉलर कोण लावतं, काजं कोण करतं, विचार. बाबांनाही बरोबर ने.

कुलपाचं म्हणशील तर ते आधी खणाच्या पैशांनी उघडेल असं मला वाटतं. महिनाभर आईची हातशिलाई, हुक-काज आणि उसवायचं काम तू कर. उसवताना कपडा कसा जोडलाय ते जितकं कळतं तितकं शिवतानाही कळत नाही. पैसे फिटले की तीच तिरकी पाठ जुन्या साडीत शिव. पुरेसं जास्त कापड घे, दोन्ही भाग कापल्या कापल्या कडेनं एक टीप मार, रात्रभर टांगून ठेव, जे लोंबायचं ते लोंबू दे, आणि मगच खालची कड सरळ करून दुमड.

पाठवलेला तुकडा मी टाकलेला नाही. वहीत चिकटवलाय. त्याच्या शेजारी जुन्या साडीतला तुकडा चिकटवायला जागा सोडली आहे, तेवढा पोस्टानं पाठव.

— तुमची ताई