विश्रांती कोणाला परवडते?

पहाटेच्या वेळी छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठ परिसरातील डांबरी रस्त्यांवर धावणारी तरुण मुले-मुली दिसतात. त्यांत पदकाची आस धरलेले खेळाडू असतात, तसे पोलीस भरतीचे उमेदवारही असतात. यांपैकी काहींच्या तळपायात काही आठवड्यांनी कळ येऊ लागते. पाय मुरगळला असेल, असे समजून ती सोसली जाते. प्रत्यक्षात कित्येकदा हाडाला केसासारखी चीर गेलेली असते.

हा विकार नवा नव्हे. लांब पल्ल्याच्या संचलनाने सैनिकांचे पाय सुजतात, अशी नोंद प्रशियन लष्करी वैद्य ब्राइटहॉप्ट याने 1855 मध्येच केली होती. हाड जिवंत असते. ताणाने झालेली झीज ते स्वतःच भरून काढते. परंतु सरावाचा भार एकाएकी वाढला की झीज पुढे धावते आणि भरणी मागे पडते. आहार अपुरा असला तर ही तफावत वाढते. धावपटू मुलींची मासिक पाळी अनियमित होणे हा त्याचा इशारा असतो. संकोचापायी त्याकडे दुर्लक्ष होते. पहिले दोन-तीन आठवडे साध्या क्ष-किरण चित्रात चीर बहुधा दिसत नाही आणि एमआरआय सर्वांना परवडत नाही.

उपचार साधा आहे: बहुधा सहा ते आठ आठवडे धावणे बंद. अडचण नेमकी येथेच आहे. पोलीस भरतीच्या 50 गुणांच्या मैदानी चाचणीत पुरुषांसाठी 1600 मीटर धावण्याला 20 गुण आहेत. भरती केव्हा निघेल याचा नेम नाही आणि वयाची मर्यादा मात्र ठरलेली. अशा वेळी शेतकऱ्याचा मुलगा दुखऱ्या पायानेच धावतो. हा त्याचा अविचार नव्हे. त्याच्यापुढील हिशेबच तसा मांडलेला आहे. यशाचा लाभ शासनाला आणि संस्थांना मिळतो, दुखापतीचा खर्च मात्र एकट्या कुटुंबाच्या माथी बसतो.

शहरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, पण ते निवडक खेळाडूंसाठी. येथे व्हावयाचे क्रीडा विद्यापीठ 2020 च्या कायद्याने पुण्याला गेले. त्याची खंत करीत बसण्यापेक्षा भरतीचे वेळापत्रक काही महिने आधी जाहीर करावे, क्रीडाशिक्षकांना या दुखण्याची लक्षणे ओळखण्याचे शिक्षण द्यावे आणि शासकीय रुग्णालयांत खेळाडूंच्या तपासणीसाठी आठवड्यातून एक दिवस राखावा. यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. सेकंदासेकंदाला गुण देणाऱ्या व्यवस्थेने पाय बरा होण्यासाठी लागणाऱ्या दोन महिन्यांचाही हिशेब ठेवला पाहिजे.