प्रश्न न विचारणारा दवाखाना

जिन्यावरून पडले, न्हाणीघरात पाय घसरला, दाराची कडी लागली. आपल्या सार्वजनिक रुग्णालयांतील केसपेपरांवर ही कारणे वर्षानुवर्षे नोंदली जात आहेत. ती लिहून घेणाऱ्या डॉक्टरला वा मलमपट्टी करणाऱ्या परिचारिकेला त्यांतील खरेखोटे कळत नसेल, असे मानण्याचे कारण नाही. गळ्याभोवतीचे वळ जिन्याने उठत नाहीत. तरीही पुढचा प्रश्न विचारला जात नाही. जखम शिवली जाते, गोळ्या दिल्या जातात आणि बाई ज्या घरातून आली त्याच घरात परत जाते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित व पूर्वविवाहित स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून अधिक स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. पुरोगामी म्हणविणाऱ्या महाराष्ट्रातही हे प्रमाण सुमारे २५ टक्के आहे. अशी हिंसा सोसणाऱ्यांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिक जणींनी कोणाकडे मदत मागितली नाही, कोणाला सांगितलेही नाही. पोलीस ठाण्याची पायरी न चढणारी ही स्त्री बाळंतपणासाठी, मुलाच्या तापासाठी, न थांबणाऱ्या डोकेदुखीसाठी दवाखान्यात मात्र येते. म्हणूनच दवाखान्याची जबाबदारी मोठी आहे.

डॉक्टर मंडळींचे आक्षेप सर्वपरिचित आहेत. हा नवरा-बायकोचा खाजगी मामला आहे. आमचे काम औषध देण्याचे. विचारले की पोलीस केस आणि कोर्टाच्या खेपा आल्या. बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असताना वेळ कोठून आणायचा? यांतला शेवटचा आक्षेप खरा आहे. अपुरे डॉक्टर, अपुऱ्या परिचारिका आणि आडोशाला पडदाही नसलेल्या तपासणीच्या खोल्या हे शासनाच्या कंजूषपणाचे फळ आहे. त्याचे खापर एकट्या डॉक्टरवर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु पहिला आक्षेप वेळेचा नाही, मनोवृत्तीचा आहे. बायकोला मारणे हा नवऱ्याचा अधिकार आहे, ही समजूत वैद्यकीय पदवीने आपोआप पुसली जात नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या सातव्या कलमान्वये पीडित स्त्रीने मागणी केल्यास वैद्यकीय मदत देणे रुग्णालय-प्रमुखावर बंधनकारक आहे. २००६ च्या नियमांनुसार, घटनेचा अहवाल आधी नोंदविलेला नाही या सबबीवर उपचार नाकारता येत नाहीत; तो अहवाल भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठविणे आणि तपासणीच्या अहवालाची प्रत तिला विनामूल्य देणे हेही रुग्णालयाचेच काम आहे. हा अहवाल पोलिसांकडे नव्हे, संरक्षण अधिकाऱ्याकडे जातो, एवढे जरी शिकविले तरी डॉक्टरांची निम्मी भीती ओसरेल.

मग दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला हा प्रश्न विचारावा काय? अमेरिकेत २०१८ साली तज्ज्ञांच्या अधिकृत मंडळाने प्रजननक्षम वयातील स्त्रियांची अशी सरसकट चाळणी करण्याची शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०१३ सालीच सरसकट चाळणीला विरोध दर्शविला होता. लक्षणे दिसतील तेथे अवश्य विचारावे, गरोदरपणाच्या तपासणीत विचारणे उपयुक्त ठरते, पण त्यासाठी एकांत, प्रशिक्षण आणि पुढील मदतीची व्यवस्था आधी हवी, असा तिचा आग्रह आहे. आमच्या मते आपल्या परिस्थितीला हीच भूमिका योग्य आहे. नवरा वा सासू शेजारी उभी असताना केलेली विचारपूस त्या स्त्रीला रात्री आणखी मार बसण्याचे कारण होऊ शकते. छापील तक्त्यावर खूण करून सुटका करून घेणारी चौकशी तर न विचारण्याइतकीच निरर्थक आहे.

हे आपल्याकडे जमणार नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. वांद्र्याच्या महापालिकेच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘सेहत’ या संस्थेच्या सहकार्याने ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले. रुग्णालयातीलच कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन स्त्रीला समुपदेशन, आसरा व कायद्याची मदत मिळवून देण्याचे काम तेथे उभे राहिले. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही ते पोचले. जे मुंबईच्या गर्दीत शक्य झाले ते जिल्हा रुग्णालयात अशक्य का असावे?

कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. स्त्रीशी एकांतात बोलण्याची जागा आहे काय? कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळाले आहे काय? संरक्षण अधिकाऱ्याचे नाव व पत्ता भिंतीवर लावला आहे काय? उत्तर नकारार्थी आले तर या मागण्या पंचायत समितीत, जिल्हा परिषदेत आणि आरोग्य खात्यापुढे लावून धरल्या पाहिजेत. आणि तेथे जाण्यापूर्वी आपल्या स्वतःच्या घरात व आपल्या सहकाऱ्यांच्या घरांत काय चालते, हेही प्रत्येकाने प्रामाणिकपणे तपासावे. जो प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही, तो डॉक्टरने विचारावा असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.