भीमथडीला रिंगण हवे

२६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताच्या चौघा स्वारांनी ‘ड्रेसाज’मध्ये सांघिक सुवर्णपदक मिळविले आणि अश्वारोहणातील ४१ वर्षांचा सुवर्णदुष्काळ संपला. स्वाराच्या जेमतेम जाणवणाऱ्या खुणेवर घोड्याने ठरलेल्या चाली दाखवायच्या, असा हा संयमाचा खेळ. परंतु त्या चौघांपैकी अनुष अगरवाला याला तो शिकण्यासाठी १७ व्या वर्षी जर्मनीला जावे लागले. ज्याच्या घरी ही ऐपत नाही, त्याने काय करावे?

शिरूर आणि दौंड या भीमाकाठच्या तालुक्यांत हा प्रश्न पुस्तकी नाही. आलेगाव पागा हे गावाचे नावच येथील अश्वपरंपरेची साक्ष देते. धनगरांची बिऱ्हाडे वाहणाऱ्या भीमथडी घोड्याची २०२३ साली स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली. शर्यतीच्या घाटात बैलांपुढे घोडी पळविणाऱ्या पोराची मांड पक्की असते, धाडसही असते. नसतो तो गुरू आणि नसते ते रिंगण.

कोवळ्या घोड्याची हाडे भरेपर्यंत थांबणे, तो चुकल्यास चाबूक न उगारता पुन्हा शिकविणे, ही शिस्त घोड्याइतकीच स्वारालाही घडविते. वेगाच्या शर्यतीत ती लाभत नाही. तिला लागणारे रिंगण २० मीटर रुंद व ६० मीटर लांब. नवशिक्यांना ४० मीटरही पुरे. एवढी सपाट, मऊ जमीन आणि एक जाणता प्रशिक्षक देणे शासनाला अवघड नाही. भीमथडीच्या तट्टांचा इतिहास गौरविणाऱ्यांनी त्यांच्यावर आज मांड ठोकणाऱ्या मुलांना एवढे तरी द्यावे.