महाविद्यालयाच्या दारातच लस द्या



महाराष्ट्रातील महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ पासून सुरू करण्याच्या निर्णयाचे मनापासून स्वागत. मात्र त्यासाठी घातलेली कोविड लसीच्या दोन्ही मात्रांची अट जशीच्या तशी राबवली, तर ज्यांना वर्गाची सर्वाधिक गरज आहे तेच विद्यार्थी बाहेर राहतील, ही भीती ग्रामीण भागात रसायनशास्त्र शिकवणारा प्राध्यापक म्हणून मला वाटते.

हिशेब साधा आहे. कोव्हिशील्ड लसीच्या दोन मात्रांमधले ८४ दिवसांचे अंतर २०२१ मध्ये सरकारनेच ठरवले. म्हणजे २८ जुलैनंतर या लसीची पहिली मात्रा घेतलेल्याला २० ऑक्टोबरपर्यंत सरकारी केंद्रावर दुसरी मिळणे शक्यच नाही. १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण १ मेपासून खुले झाले खरे, पण साठ्याअभावी राज्याला ते त्याच महिन्यात थांबवावे लागले आणि जूनच्या उत्तरार्धात ते पुन्हा सुरू झाले. उशीर टंचाईमुळे झाला, त्याची शिक्षा विद्यार्थ्यांना कशासाठी? प्रथम वर्षाच्या काहींना तर अजून १८ वर्षेही पूर्ण झालेली नाहीत; त्यांच्या वयोगटाचे लसीकरण ऑक्टोबर २०२१ पर्यंत तरी देशात सुरू झालेले नाही.

काळजी घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. वर्गात मधुमेह असलेले सहकारी असतात, विद्यार्थ्यांच्या घरी आजी-आजोबा असतात आणि करोनाच्या दुसऱ्या लाटेने काय केले हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण लस घेतलेल्यालाही संसर्ग होतो आणि तो इतरांपर्यंत पोहोचू शकतो. हा विषाणू हवेतून पसरतो. म्हणून फाटकावर ताप मोजण्यापेक्षा वर्गाच्या खिडक्या उघड्या असणे, सर्वांच्या तोंडावर नीट बसलेला मास्क असणे आणि एका वेळी निम्मीच मुले वर्गात बसणे जास्त उपयोगाचे आहे. ही काळजी घेतली, तर दुसऱ्या मात्रेची वाट पाहणाऱ्यांना आणि १८ वर्षांखालील मुलांनाही वर्गात घेता येईल.

सुरुवात प्रात्यक्षिकांपासून करावी. व्याख्यान मोबाइलवर ऐकता येते; ब्युरेट हातात न धरता अनुमापन शिकता येत नाही. विज्ञान शाखेच्या मुलांचे दीड वर्ष असेच गेले आहे. छोट्या तुकड्या केल्या, तर प्रयोगशाळांतील गर्दीही टळेल. वसतिगृहे मात्र त्याच दिवशी उघडायला हवीत आणि आजारी विद्यार्थ्यासाठी तिथे वेगळी खोली राखून ठेवायला हवी. वसतिगृह बंद राहिले, तर महाविद्यालय फक्त शहरात घर असलेल्यांसाठीच उघडले असे होईल. ज्यांना येणे शक्य नाही, त्यांच्यासाठी ऑनलाइन तासही या सत्रापुरते चालू ठेवावेत.

शासनाने आरोग्य विभागाच्या मदतीने प्रत्येक महाविद्यालयात तातडीने लसीकरण शिबिर घ्यावे. तोवर पहिली मात्रा घेऊन दुसरीची वाट पाहणाऱ्या एकाही विद्यार्थ्याला फाटकावरून परत पाठवू नये, ही कळकळीची विनंती.

– एक प्राध्यापक, जि. सातारा